लेकीच्या मुठीत मावेल असं

दादा,

तुमच्या नातीसाठी आम्ही रिव्हॉल्वर बघत होतो. आपल्याकडं पोरीसाठी स्थळ बघतात, फार तर स्कूटी बघतात, आणि मी तुमची लेक, शाळामास्तरीण म्हणून आयुष्य काढलेली बाई, काचेच्या कपाटासमोर उभी राहून बत्तीस बोअर म्हणजे काय ते समजून घेत होते. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता तिशीला आलीय. तलाठी आहे. सरकारनं त्या पदाचं नाव आता बदललंय म्हणे, तुमच्या नगरचंही अहिल्यानगर केलंय, पण तिसगावचा माणूस यष्टीत बसताना अजून नगरच म्हणतो आणि लोक तिला तलाठीबाईच म्हणतात. राहुरीकडं मुळेच्या काठचं एक गाव तिच्याकडं आहे. नदीतली वाळू रोज उपसली जाते, आणि ती उपसू न देणं हे हिचं काम. म्हणजे एका बाजूला डंपर आणि दुसऱ्या बाजूला तुमची नात, फुंकर मारली तर उडेल अशी. पंचनामे करते, गाड्या अडवते, उन्हात नदीच्या पात्रात उभी राहते. मी म्हणायचे, अगं, जरा डोळेझाक करायला शीक, सगळे करतात. तर म्हणायची, आई, तूच शाळेत उलटं शिकवायचीस की.

पहिल्यांदा एक माणूस तिच्या ऑफिसात आला. चांगले कपडे, गोड बोलणं. म्हणाला, मॅडम, तुम्ही रोज नगरहून, सावेडीवरनं येता, लांब पडत असेल, रस्ता खराब आहे, जपून येत जा. बस, एवढंच. तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मग एका दुपारी, भर उन्हात, गावाच्या कच्च्या रस्त्याला नंबर नसलेल्या डंपरनं तिच्या स्कूटीला मागून रेटलं आणि ओढ्याच्या मोरीवरनं खाली घातलं. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी घालावी लागली. कागदावर अज्ञात वाहन असं लागलं. अज्ञात कसलं, गावातलं शेंबडं पोरसुद्धा ते वाहन कुणाचं ते सांगेल, पण सांगणार कोण. मी तिच्या उशाशी बसून बदली माग, बदली माग, असा धोशा लावला. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिला रडताना मी त्या आठवड्यात बघितलं, नंतर एकदाच.

बंदुकीची कल्पना जावईबापूंची. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यानं तुमचं मत वाकडं व्हायला नको. प्लॉटिंगचा धंदा करतात, आवाज मोठा, मन मोकळं. दवाखान्याच्या जिन्यात हुंदके देऊन रडले. लायसनसाठी अर्ज, पोलिसांची चौकशी, साहेबांपुढं हजेरी, सगळीकडं हिच्यासोबत गेले. लायसन हिच्या नावानं निघालं त्या दिवशी पेढे वाटले. मला मामी म्हणतात. म्हणाले, मामी, आता कोण नडतो बघू. मी पेढा खाल्ला. आमचे हे गेल्यापासून मी एकटीच राहते, लेकीच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं त्यांच्या घरात काय चाललंय ते मला न सांगता कळतं. हिच्या हाताला आराम पडला तसं त्यांचं बंदुकीचं वेड वाढत गेलं, एवढं मला कळत होतं. मोबाईलवर रोज नवीन बंदूक दाखवायचे.

दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदारानं पहिला प्रश्न जावईबापूंना विचारला, मॅडमना काय द्यायचं? मॅडम शेजारी उभ्या. त्यानं निळ्या कापडावर तीन मांडली. एक लांबट काळं पिस्तूल, एक मधलं, आणि एक धाकटं रिव्हॉल्वर, पाण्याच्या भरल्या बाटलीपेक्षा हलकं. म्हणाला, हे सरकारी कारखान्यानं खास लेडीजसाठी काढलंय. डबीसुद्धा दागिन्यांच्या डबीसारखी, मखमल लावलेली. मी म्हटलं, वा, म्हणजे कोणी अंगावर आलं तर आधी मखमलीवरनं हात फिरवायचा. तो कसनुसा हसला. जावईबापूंचा हात लांबट पिस्तुलावरच गेला. त्यांनी ते उचललं, पट्ट्यात खोचलं, कडेला होऊन कपाटाच्या काचेत स्वतःकडं बघितलं. म्हणाले, हे भारी आहे. लेकीनं ते मागितलं आणि त्याची वरची स्लाईड मागं ओढायला गेली. ते ओढल्याशिवाय पहिली गोळी चढत नाही. पट्टी घातलेल्या मनगटाला ते झेपेना. दोनदा ओढलं, ओठ चावला, खाली ठेवलं. मग धाकटं उचललं. ते तिच्या मुठीत बसलं. घोडा कडक होता, पण दोन्ही हातांनी धरून तिनं तो पुरा दाबला. रिकाम्यात टक्‌ असा आवाज आला आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा जरा रंग दिसला. दुकानदारानं खरं तेही सांगितलं, की हलकं आहे तेवढा झटका जास्त देणार आणि लांबचं काही लागायचं नाही. ती म्हणाली, लांबचा माणूस मला नडत नाही. तर जावईबापू म्हणतात, अगं, हे खेळणं आहे. हे दाखवलं तर लोक हसतील.

दाखवलं तर. माझ्या कानात तो शब्द अडकला. मी त्यांना म्हटलं, अहो, नाकापेक्षा मोती जड घेऊन काय करायचं, तिला उचलता तर यायला पाहिजे. ते म्हणाले, सवयीनं येईल, मामी. मग मीच ते धाकटं हातात घेतलं, आणि दादा, माझं मनगट आपोआप खाली झुकलं, नळीचं तोंड फरशीकडं. दुकानदार म्हणाला, बाईंना सवय दिसतेय. मी म्हटलं, वडील बँकेत गनमन होते. माझी मान जरा ताठ झाली असणार. तेलाचा तोच वास होता, कडवट, आणि मला आपलं तिसगावचं घर दिसायला लागलं. त्या दिवशी काही घेतलं नाही. दोघांचं जमेना म्हणून तिघंही तसेच परत आलो.

तो वास नाकात घेऊन मी घरी बसले आणि माझा तो आवडता दिवस मला आठवला. तुम्हालाही आठवत असेल असं मी धरून चालले होते. पलटणीतनं आल्यावर तुम्ही बँकेत लागलात, शनिवारी रात्रीच्या यष्टीनं घरी यायचात, रविवारी आमचे. तुमची स्वतःची बाराबोर मधल्या खोलीत उंच खुंटीला. मी दुसरीत-तिसरीत असेन. तुम्ही ती खाली उतरवता, ओसरीत बाजेवर बसता, मधोमध मोडून नळीतनं उजेडाकडं बघता. मला हाक मारता, ये गं, त्याल धर. मी तेलाची बाटली धरून तुमच्या गुडघ्याला टेकून बसते. तुम्ही मला नळीतनं बघू देता. आत गोल गोल चकाकी, आणि टोकाला आपल्या अंगणातल्या लिंबाचं हिरवं ठिपकं. तुम्ही सांगता, रिकामी आसली तरी भरल्याली समजायची, मानसाकडं तोंड करायचं न्हाई. घरात चिडीचूप. तुमचे हात किती हळू चालतात, चिंधी कशी फिरते, मी बघत राहते. हा दिवस मी माझ्या वर्गातल्या पोरांना सांगितलाय, लेकीला तर कितीदा. आई त्या वेळी कुठं होती, काय करत होती, हे मी कधी सांगितलं नाही, कारण मला ते आठवतच नव्हतं.

आठवड्यानं मी त्यांच्याकडं गेले होते, तेव्हा जावईबापू चामड्याचं कव्हर शिवून घेऊन आले. बंदूक अजून दुकानात, आणि कव्हर तयार. आमच्याकडं बारशाच्या आधी कुंची शिवत नाहीत, पण यांना कोण सांगणार. कव्हर सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. मी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. मागं पट्टा ओवायला जागा, रुंद, पुरुषाच्या कमरपट्ट्याची. आत जागा त्या लांबट पिस्तुलाची. लेक कुर्ता घालते, कधी साडी. तिच्या कमरेला पट्टा मी जन्मात बघितला नाही. मी म्हटलं, हे ती कुठं अडकवणार? ते जरा गडबडले. म्हणाले, ते काय, बघू, गाडीत मी असतोच की तिच्याबरोबर. मग मोबाईल काढून मला त्यांच्या मित्राचा फोटो दाखवला. हळदीच्या कार्यक्रमात कमरेला पिस्तूल लावून नाचतोय. त्यांच्या डोळ्यांत लहान पोरासारखं कौतुक होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. लेक ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटत होती, तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिसगावला गेले. आई धाकट्या भावाकडं असते, तुम्हाला माहीतच. आता ऐंशीच्या पुढं आहे, ऐकायला जरा कमी येतं, बाकी ठणठणीत. सुपात तूर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, डंपरपासनं कव्हरापर्यंत. ती म्हणाली, केवढी हाय? मी तळहात दाखवला. म्हणाली, मंग धाकलीच हाय की, पिशवीत मावंल. मग थोड्या वेळानं, रातच्याला कुटं ठिवनार? मी म्हटलं, कपाटात. किल्ली कुनाकडं? म्हटलं, तिच्याकडंच. आन त्यानं मागितली मंजी? मी म्हटलं, आई, ते तसले नाहीत गं, तिच्यावर जीव आहे त्यांचा. तर सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, तुज्या बापाचा न्हवता व्हय माज्यावर?

दादा, मी जसंच्या तसं लिहिते, माझ्याकडनं एक शब्द घालत नाही. म्हणाली, त्येंनी मला कदी बोट लावलं न्हाई. उभ्या गावाला ठावं हाय, लई गरीब मानूस. पर मी आवाज चढिवला की ते काय बोलायचे न्हाईत, ती खाली उतरवायचे. पुसायला. मंग मी गप. मी म्हटलं, अगं, ते दर रविवारी साफ करायचे, मी तेल धरायचे ना. म्हणाली, दर रविवारी न्हाई. तुला तसं वाटतंय. एरवी वरीस वरीस खुटीला आसायची, खंडेनवमीला तेवडी खाली याची, आन तवा तिला हळद-कुकू मी लांबनंच टाकायचे. मग मी तो दिवस सांगितला, नळीतनं दिसलेलं लिंबाचं झाड सांगितलं. तिला लगेच आठवलं. म्हणाली, व्हय. माज्या भावाचं लगीन हुतं. आठ दिस आदी जाते म्हनले, ते म्हनले, दोन दिस आदी जा, घरचं कोन बघनार. मी बोलले चार शब्द. गाठोडं बांधलं हुतं. त्येंनी ती उतरिवली, तुला हाक मारली. मी दारात आले, तुला तिथं बसलेली बघितलं, आन आत जाऊन गाठोडं सोडलं. एवढं बोलून तिनं सूप परत मांडीवर घेतलं आणि खडे वेचायला लागली.

म्हणजे माझा तो चिडीचूप रविवार असा होता. तुमच्या दहाव्याला, कावळा शिवून माणसं अजून ओसरीत टेकलेली, तेव्हा आईनं धाकट्याला सांगितलं होतं, ती आधी ठाण्यात नेऊन दे. मला तेव्हा इतका राग आला होता तिचा. वाटलं, नवऱ्याची एवढी एक आठवण, ती चार दिवस घरात ठेववत नाही हिला. मी तिच्याशी तीन महिने नीट बोलले नव्हते. ती काहीच म्हणाली नाही तेव्हा, कारण न म्हणायची सवय तिला तुम्ही लावली होती.

तुम्हाला माहीत होतं का, दादा? यष्टीत बसल्यापासनं मी हेच विचारतेय. का रागावल्यावर तुमच्या हातांना काहीतरी काम लागायचं, जसं मी रागावले की भांडी घासते, आणि तुमच्या हाताशी बंदूक होती म्हणून बंदूक? मला हे दुसरं खरं वाटावं अशी फार इच्छा आहे. मी तुमच्या बाजूनं भांडते. मग मीच आईच्या बाजूनं उठते आणि म्हणते, मग ते खुरपं का नाही पुसलं कधी? आणि मला हाक का मारायचात, हे तर विचारायचं धाडसच होत नाही. माझ्यासमोर ती ओरडणार नाही म्हणून का, लेकीला जवळ घ्यावं वाटलं म्हणून? तुमचा हात डोक्यावरनं फिरायचा तो खरा होता, एवढं मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण तो त्या वेळी का फिरायचा ते मला आता सांगता येत नाही, आणि याचा मला तुमच्यावर राग आहे.

लेकीला सगळं सांगितलं. म्हटलं, घेऊ नकोस. घरात आणू नकोस. बदली माग नाहीतर नोकरी सोड, मी पेन्शनवर तुला पोसते. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, आजीचं ऐकताना डोळे पुसले, आणि म्हणाली, आई, डंपर खरा आहे. तो कालही ऑफिससमोर उभा होता. नवऱ्याचं मी बघेन, डंपरचं कोण बघणार आहे? याचं उत्तर तुमच्याकडं असेल तर सांगा. मग आम्ही दोघीच गेलो, त्यांना न सांगता, आणि ते धाकटं घेतलं. मखमलीची डबी तिनं दुकानातच ठेवली. ठाण्यात दाखवून नोंद करून आणलं. आता ठेवायचं कुठं हा प्रश्न. बायकांच्या कपड्याला धड खिसा नसतो, दादा, मला एवढी वर्षं ते जाणवलंच नव्हतं. पर्समध्ये ठेवावं तर पर्सच आधी ओढतात, आणि स्कूटीवर पर्स सीटखाली डिकीत. शेवटी आमच्या गल्लीतल्या शिवणकामवालीकडनं जाड कापडाचा पट्टा शिवून घेतला, कुर्त्याच्या आत कमरेला बांधायचा, कप्पा डाव्या बाजूला, कारण उजवं मनगट अजून वळताना दुखतं आणि पोटावरनं आडवा हात सोपा जातो. शिवणारी म्हणाली, मोबाईलला का ताई? लेक म्हणाली, हो, फार चोऱ्या होतात.

रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला गेले. जावईबापूंना एव्हाना रिव्हॉल्वरचं आणि पट्ट्याचं कळलं होतं, रुसवा नाकावर होता, पण माझ्यासमोर हसून हात पुढं केला. म्हणाले, आण तरी, बघू तुझं खेळणं. ती म्हणाली, लायसन माझं आहे. ते हसले. परत म्हणाले, अगं, बघू दे. ती म्हणाली, नाही. मग ते सुरू झाले. पुढच्या महिन्यात त्यांच्या चुलतभावाचं लग्न आहे, पिस्तूल लावून येतो म्हणून सगळ्यांना सांगून बसलेत, एवढी धावपळ कुणी केली, साहेबांपुढं कोण उभं राहिलं. आवाज चढत गेला, शेजारी ऐकू जाईल इतका. तुम्हाला सांगते, तो आवाज चढला की एरवी लेक ताट घेऊन आत जाते, मी कितीदा बघितलंय. त्या दिवशी ती जागची हलली नाही. आमटीत भाकरी कुस्करत राहिली, आणि तिचा डावा हात खाली कमरेकडं गेला. त्यांनी ते बघितलं. बोलता बोलता मध्येच थांबले. तिनं हात वर आणला तर हातात मांडीवर ठेवलेला मोबाईल होता, तो तिनं ताटाशेजारी ठेवला. पट्टा त्या दिवशी तिनं बांधलासुद्धा नसेल, घरात कोण बांधतं. पण ते खाली बघून म्हणाले, बरं, तू म्हणशील तसं. इतक्या हळू म्हणाले की मी तो आवाज त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग लोणचं मागितलं, तेसुद्धा मला, तिला नाही.

तिला कळलं का, तिनं मुद्दाम केलं का, मी तिच्या तोंडाकडं बघत बसले. काही कळलं नाही. तुमच्या तोंडाकडं बघूनही कळायचं नाही.

सोमवारी सकाळी आईनं धाकट्याच्या मोबाईलवरनं फोन केला. घेतली का गं? म्हटलं, घेतली. भांडनं व्हत्यात का? मी म्हटलं, नाही गं, सगळं शांत आहे आता. ती म्हणाली, कोन गप झालं? मी म्हटलं, जावई. ती नुसतं बरं म्हणाली आणि फोन धाकट्याकडं दिला.

तिच्या त्या बरं-मध्ये काय होतं ते मी विचारलं नाही. माझं मात्र मला माहीत आहे. ते गप्प झाले आणि भाकरीकडं बघत बसले, तेव्हा त्या भल्या माणसाच्या तोंडावर भीती होती, आणि ती बघून मला बरं वाटलं, दादा. पोटात ऊब आल्यासारखं बरं वाटलं. तुम्हाला असंच वाटायचं का, एवढंच विचारायला मी लिहायला बसले होते. आता हे पत्र कुठं टाकणार, आणि आईच्या हाती तर लागायलाच नको.